न खेळलेल्या सामन्यांचे गुण

ग्लेनिसने गुणतक्ता फ्रिजवर चुंबकाने डकवला आणि नेमकी तेव्हाच तिची धाकटी बहीण रेलीन चहासाठी दूध काढायला फ्रिजपाशी आली. नदीकाठच्या चार गावांतल्या बायकांच्या नेटबॉल स्पर्धेची ग्लेनिस अकरा वर्षं चिटणीस होती. पहिले दोन संघ अंतिम सामना खेळणार आणि तो पहिल्या संघाच्या मैदानावर होणार, एवढाच काय तो नियम. तक्त्यात वर होतं टोलाँग, बारा गुण. खाली ड्राय बेंड, दहा. टोलाँगची कर्णधार टीगन म्हणजे ग्लेनिसची सून. ड्राय बेंडची कर्णधार फ्रिजपाशी उभी होती.

"छान," रेलीन म्हणाली. "सुनेचं घर उजळलं म्हणायचं."

"जिंकलं की दोन गुण. त्यांनी सहा जिंकले, तुम्ही पाच. मी काय करू?"

"ते दहा खेळले, आम्ही आठ. आमचा रस्ता पाण्याखाली होता, ग्लेनिस. बुडणाऱ्याला विचारतेस, फिरायला का नाही आलास."

यंदा इकडे पावसाचा थेंब पडला नव्हता. वर सातशे किलोमीटरवर कुठेतरी पडलेलं पाणी निळ्या आभाळाखालून सावकाश चालत आलं आणि आल्यावर मुक्कामाला राहिलं. प्रत्येक संघाचे अठरा सामने ठरले होते. टोलाँग दहा खेळलं, ड्राय बेंड आठ, याम्बिन सात, आणि कॅरोच्या मेंढ्यांच्या कुरणांवरच्या बायका, एक.

रेलीनचं त्रेपन्नावं सरत होतं. एकतीस वर्षं ती गोल राखत आली होती. या मोसमानंतर बस, असं गुडघ्याच्या डॉक्टरने बजावलं होतं, आणि इतक्या वर्षांत ड्राय बेंडच्या मैदानावर अंतिम सामना झालाच नव्हता. आपला शेवटचा खेळ आपल्या मैदानावर व्हावा, एवढंच तिला हवं होतं. तसं ती बोलली नाही. मैदानाच्या रेघा तेवढ्या तिने नव्याने रंगवून घेतल्या.

ग्लेनिसला बहिणीचं म्हणणं पटलं, आणि पटलं म्हणूनच तिला धास्ती वाटली. सख्ख्या बहिणीच्या बाजूने न्याय केला, तर तो न्याय आहे हे कोण मानणार? तिने रविवारी चौघी कर्णधारांना गावच्या सभागृहात बोलावलं.

"खेळलेल्यांपैकी शेकडा किती जिंकले, ते पाहू," ती म्हणाली. हे सगळ्यांना सुशिक्षित वाटलं. चारही हात वर झाले. ग्लेनिसने हिशेब वाचला. "टोलाँग साठ टक्के. ड्राय बेंड साडेबासष्ट. कॅरो..." तिने आकडा पुन्हा तपासला. "कॅरो शंभर."

कॅरोची आयल्सा मेंढ्यांचं औषध घ्यायला तीन तासांचा वळसा घालून गावात आली होती, म्हणून सभेला होती. "आम्ही?"

"एक खेळलात, एक जिंकलात."

"तो तर याम्बिनची गोल टाकणारी बाळंतपणाला गेली, त्या दिवशीचा."

"तोच."

आयल्साने विचार केला. "मग अंतिम सामना आमच्याकडे. या की. होडी कुणाकडे आहे?"

"चिटणीसबाई," टीगन म्हणाली. घरी ती सासूला ग्लेनिस म्हणे. "सगळ्यांत जास्त सामने आम्ही जिंकलो आणि आम्हीच बाहेर? उंचावर राहतो हा आमचा गुन्हा आहे का?"

हेही ग्लेनिसला पटलं. तिचा हाच दोष होता. तिने नवा कागद घेतला. न झालेला सामना बरोबरीचा धरायचा, दोघींना एकेक गुण द्यायचा. पुन्हा चार हात वर. टोलाँग बारा आणि आठ, वीस. ड्राय बेंड दहा आणि दहा, वीस. कॅरो दोन आणि सतरा, एकोणीस.

"सतरा शनिवार कुंपणं नीट केली," आयल्सा म्हणाली. "ते काही वाया नाही गेलं."

"आणि याम्बिन तेरा."

याम्बिनची कोरल सहसा बोलत नसे. तिने बोटं मोजली. "आम्ही एकही सामना खेळलो नसतो तर?"

"अठरा."

"म्हणजे चिखलातून गाड्या ढकलत गेलो, सहादा मार खाल्ला, त्याबद्दल पाच गुण कापले."

"कापले नाहीत गं, कोरल."

"घरी बसलो असतो तर नाक तरी राहिलं असतं."

ग्लेनिसने वीस-वीस गुणांच्या दोघींचे आपसातले सामने काढले. टोलाँग आणि ड्राय बेंड एकमेकींशी सहा वेळा खेळल्या होत्या आणि तिथेही तीन-तीन. शेवटी नाणं उडवायचं ठरलं. ते कोरलने उडवलं, कारण तिचं आता काही बिघडण्यासारखं उरलं नव्हतं. ड्राय बेंड.

रेलीन खिडकीबाहेर बघत राहिली. टीगन तिच्याजवळ जाऊन म्हणाली, "रेघा वाळल्यात का नीट? नाहीतर आमचे बूट पांढरे व्हायचे."

गुरुवारी वरून पाण्याचा दुसरा लोंढा आला, तसाच, निळ्या आभाळाखालून. ड्राय बेंडच्या नव्या रेघा हातभर पाण्याखाली गेल्या आणि गावातून बाहेर पडायचा रस्ताही बंद झाला. पुढच्या आठवड्यात मेंढ्यांची कातरणी सुरू, मग बायका चहूकडे पांगणार. ग्लेनिसने आपलाच नियम लावला. न झालेला सामना बरोबरीचा. कपावर दोन्ही गावांची नावं. अकरा वर्षांत प्रथमच कुणाची तक्रार आली नाही. मग तिने जड मनाने बहिणीला फोन लावला.

"बरोबरी झाली," ती म्हणाली. "तुझा शेवटचा सामना तेवढा..."

पलीकडे बेडूक ओरडत होते.

"नीट सांग, ग्लेनिस. मी शेवटचा सामना खेळले का?"

"नाही."

"मग तो राहिला."

"अगं, गुडघा..."

"डॉक्टर म्हणाला, शेवटचा खेळून झाला की बस. झालाय कुठे? माझ्या हातात अजून एक सामना आहे. पुढल्या वर्षी येते."

ग्लेनिसने फोन ठेवला. चिटणीसपद सोडत असल्याचं पत्र तिने सकाळीच लिहून ठेवलं होतं. ते तिने उलटं केलं आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर सामानाची यादी करायला घेतली. चहापत्ती, बटाटे, गुडघ्याचा पट्टा.