नानांच्या भरितातलं मीठ

प्रल्हादनानांना जेवताना पाहिलेला माणूस आमच्या कॉलनीत शोधून सापडायचा नाही. वाढताना मात्र सगळ्यांनी पाहिलंय. हातात भरिताची बादली, खांद्यावर पंचा आणि तोंडी एकच वाक्य, "लाजू नका, लाजणारा उपाशी राह्यतो!" नको म्हणून ताटावर हात आडवा धरलात तर नाना बोटांच्या फटीतून वाढतात. आमच्या ह्यांच्या घड्याळात एकदा भरीत गेलंय, ते अजून बंद आहे.

नाना मूळचे यावलकडचे. केळीच्या व्यापारात आयुष्य गेलं, आता जळगावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. थंडी पडली की कॉलनीची भरीत पार्टी त्यांच्या मळ्यात ठरलेली. वांगी निवडण्यापासून ती कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजून मुसळाने ठेचेपर्यंत सगळं स्वतः करणार. मळ्यातल्या म्हसोबाला नैवेद्य दाखवल्याशिवाय चव बघायची नाही हा त्यांचा नियम, आणि नैवेद्य झाला की लगेच बादली उचलतात, म्हणजे चव बघायची राहूनच जाते. पूर्वी सगळ्या पंगती उठल्यावर नाना आणि त्यांच्या मंडळी, म्हणजे आमच्या अक्का, विहिरीपाशी दोघंच बसायची. तिथे अक्का वाढायच्या आणि नाना मुकाट्याने जेवायचे म्हणे.

अक्का गेल्या आणि नाना वाळत चालले. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. पुण्याची मुलगी मनीषा घाबरली. दवाखाने झाले, तपासण्या झाल्या, सगळं चांगलं निघालं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आपलं काय, चालतं!" मी डबा द्यायचे तो चकचकीत धुऊन, वर केळी घालून परत यायचा. मला बाई कोण आनंद! नंतर कळलं, कोपऱ्यावरचं कुत्रं एवढं गुबगुबीत का झालंय ते.

त्यात नानांचं भरीतही अळणी व्हायला लागलेलं. वय झालं, हात चुकतो, असं आम्ही धरून चाललो. तोंडावर सांगणार कोण? आम्ही बायका पदराला मिठाची पुडी बांधून मळ्यात जायला लागलो.

शेवटी मनीषाने पुण्याची एक लाइफ कोच शोधली. मोबाइलवर समोरासमोर बोलायचं. नाना ओट्यावर बसायचे आणि आवाज पूर्ण वाढवायचे, त्यामुळे मला कान लावायचेही कष्ट पडले नाहीत.

"नाना, स्वतःबद्दल सांगा ना," ताई म्हणाल्या.

"ते सांगू मंग. तुमचं जेवण झालं का?"

झालं नव्हतं. बिचारी बिस्किटांवर होती. तास संपेपर्यंत नानांनी तिची सासू, तिची पाठदुखी आणि तिचा घराचा हप्ता सगळं काढून घेतलं, वर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची कृती सांगितली. फोन ठेवून मला म्हणाले, "पोरगी चांगली आहे, पण खात नही. आपल्याले तिच्याकडे लक्ष द्यावं लागेल." घ्या!

पण बाई पक्की होती. पुढच्या वेळी जेवून आली.

"नाना, तुमच्या आवडीचं काय?"

"मनीषाले शेवभाजी. जावयाले पुरणपोळी. हिले..."

"तुमच्या, नाना."

नाना खांद्यावरचा पंचा काढून झटकायला लागले.

"बरं, तुम्हाला शेवटचं कोणी वाढलं?"

नानांनी फोन बंद केला. "रेंज गेली," मला सांगून आत निघून गेले. दोन दिवस दार उघडलं नाही. मग आपणहून पुन्हा फोन लावला. या वेळी आवाज बारीक होता. मला एवढंच ऐकू आलं, "बरं ताई, करून पाह्यतो."

त्या आठवड्यात भरीत होतं. पंगती उठल्या, शेवटी आम्ही बायका बसलो. नाना बादली घेऊन माझ्यापुढे आले आणि नुसते उभेच राहिले. वाढेनात.

"काय झालं, नाना?"

"सुनंदा," त्यांनी बादली खाली ठेवली आणि माझ्या शेजारी मांडी घातली. "मले वाढ व."

मी चटकन उठून वाढलं. सगळ्या जणी बघत होत्या. नानांनी घास घेतला आणि थांबले.

"यात मीठ कमी आहे."

सगळ्यांचे हात पदराच्या गाठीवर गेले.

"आजच कमी आहे, का नेहमीच?" नानांनी विचारलं.

शेजारी बसलेल्या विमलताईंनी गाठ सोडून पुडी पुढे केली. मग मी केली. मग एकेक करत नानांच्या ताटाभोवती पुड्याच पुड्या जमल्या. मला वाटलं, आता चिडतात.

"मिरचीसंगं घालतो तेवढं पुरतं, असंच मी समजे," नाना हळू म्हणाले. "म्हनजे नैवेद्यानंतर तुमची अक्काच गुपचूप मीठ टाके. आणि मले कधी बोलली नही."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते पुसायचं भानही राहिलं नाही. आमचीही तीच गत. तरी त्यांनी आमच्या पुड्यांतलं चिमूटभर मीठ कालवलं आणि जेवायला लागले. ताट रिकामं झालं. मी पुन्हा पळी भरली तर सवयीने ताटावर हात आडवा.

"लाजू नका नाना," मी म्हटलं, "लाजणारा उपाशी राह्यतो."

आणि बोटांच्या फटीतून वाढलं.