झोपलेलं मूल न घेणारी गोदाक्का

गोदाक्का झोपलेलं मूल घेत नसे. कारखान्याच्या पाळणाघरात पोरं सांभाळायला ठेवलेली बाई, आणि तिचा हा हट्ट! सकाळी भोंग्याआधी आम्ही बाया पोरं कडेवर घेऊन दारात उभ्या, आणि ही उंबऱ्यात पदर खोचून म्हणायची, "जागं करून दाव. रडलं तर घीन."

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीच्या माळावर तेव्हा नुकते कारखाने उभे राहत होते. आम्ही बीडकडून आलेलो. मी बाटल्या धुवायच्या खात्यात होते. गोदाक्का जवळच्याच निघोजे गावची, पन्नाशीची विधवा, हाडापेरानं थोराड. ती प्रत्येक पोराचं तोंड हुंगून बघायची. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. पोर दिवसभर गप पडावं म्हणून बाया सकाळी अफूची गोळी चाटवायच्या.

तान्ह्या पोरांशी ती मोठ्या माणसांसारखं बोलायची. "काय पाटील, मान धरायचा इचार हाय का न्हाई?" पोरांना दुपट्यात आवळून ठेवणं तिला मंजूर नव्हतं. सगळी सतरंजीवर पालथी, आणि ही त्यांच्यापुढं पितळी वाटी वाजवत मागं मागं सरकायची. पोरं किंचाळत तिच्यामागं रांगायची.

एकदा मोठे साहेब पाहणीला आले. गोंगाट ऐकून म्हणाले, "बाई, मुलं शांत का नाहीत?"

"शांत पोरं बघायची तर मसणात जावा, सायेब."

साहेब पुन्हा फिरकले नाहीत.

माझी शकू तेव्हा आठ महिन्यांची. दात येत होते, रडून रडून जीव खायची. पाळणाघरातून तिचं रडणं खात्यात ऐकू यायचं. लक्ष उडून माझ्या हातून दोन बाटल्या फुटल्या, तेव्हा मुकादम म्हणाला, "उद्या आणखी एक फुटली तर घरी बस." दुसऱ्या दिवशी निघताना मी शेजारणीकडून गोळी आणली. मोहरीएवढी. शकूला चाटवली आणि वास जावा म्हणून वर ओवा चावून तिच्या ओठांना लावला. दारात गर्दी होती. मी हळूच चिमटा काढला, शकू रडली. गोदाक्कानं घेतली.

दहाच्या सुमाराला ती शकूला खांद्यावर टाकून थेट आमच्या खात्यात शिरली आणि मला दाराबाहेर ओढलं. शकूची मान लोंबत होती.

"किती दिलीस?"

"काय?"

फाडकन मुस्काटात बसली.

"मोहरीएवढी," मी म्हणाले.

जवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या डॉक्टरांनी सुई टोचली. म्हणाले, "झोपू देऊ नका. झोपली तर गेली." गोदाक्का दिवसभर तिला घेऊन दवाखान्याच्या अंगणात फेऱ्या घालत होती. तळपायांना टिचक्या, तोंडावर पाणी, आणि एकसारखं बोलणं. "अवो शकूबाई, डोळं उघडा. ती बगा शेळी." मला हात लावू देईना. तिचा आवाज बसला. उन्हं उतरताना शकू कशीबशी रडली, तेव्हा गोदाक्का मातीतच मटकन बसली.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं चौकशी झाली. माझी नोकरी जाणार हे धरूनच मी उभी होते. मी तोंड उघडायच्या आत गोदाक्का म्हणाली, "गोळी म्या दिली. पोर लई रडत हुतं."

तिला तिथल्या तिथं काढलं. मी गप्प राहिले. मला नोकरी हवी होती. पाळणाघरात नवी बाई आली, आणि तिथं शांतता झाली.

महिनाभरानं एका सुट्टीला मी शकूला घेऊन निघोज्याला गेले. गोदाक्का एकटीच अंगणात कांदे निवडत बसली होती. मी पाया पडले.

"अक्का, माझ्यासाठी खोटं का बोललीस?"

"खोटं कशापायी? दिलीच हुती की. माज्या पोरीला." तिनं एक नासका कांदा बाजूला टाकला. "कांद्याच्या लागणीला गेले हुते. सांजच्याला बांधावर येऊन बगते, तर झोळीत गार."

"कधी?"

"तू जल्मायच्या आदी."

मी विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

तिचे हात थांबले. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नसावं.

"हौसा," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, माझ्याकडं न बघताच, थोडं मोठ्यानं पुन्हा, "हौसा."