आबाजी हत्तीची गोधडी

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना सगळ्यांचं भलं व्हावं असं मनापासून वाटायचं. ते दुसऱ्या कोणीतरी करावं, असंही तितक्याच मनापासून वाटायचं. त्यामुळे जंगलात शांतता होती.

त्या जंगलात कोंडिबा साळिंदर राहायचा. तो फार लाजाळू होता. लहानपणी तो शाळेत गेला होता, पण बाकावर शेजारी बसणारा दर दोन मिनिटांनी किंचाळायचा. तिसरीत मास्तर म्हणाले, "कोंडिबा, उद्यापासून तू जरा लांब बसून शीक." कोंडिबा इतका लांब जाऊन बसला की परत आलाच नाही.

त्याला एकच छंद होता, गोधड्या शिवायचा. सुया घरच्याच होत्या. गळून पडलेल्या काट्याला भोक पाडलं की झाली सुई. चिंध्या नदीकाठी मिळायच्या. माणसं तिथे पापं आणि जुने कपडे सोडून जायची. पापांचं पुढे काय व्हायचं, कोण जाणे. कपडे कोंडिबा धुऊन वाळत घालायचा.

आणि त्याला एकच मित्र होता, आबाजी हत्ती. आबाजीची कातडी इतकी जाड की कोंडिबा टेकून बसला तरी त्याला टोचायचं नाही. साऱ्या जंगलात कोंडिबाला टेकून बसता येईल अशी तेवढीच एक जागा होती.

पण आबाजी म्हातारा झाला होता. थंडीत त्याचे गुडघे धरायचे. एके दिवशी तो म्हणाला, "कोंडिबा, यंदाची थंडी मला इथे निभायची नाही. मार्गशीर्ष लागला की मी घाट उतरून खालच्या रानात जातो. तिथे ऊब असते म्हणे."

"मग चैत्रात परत याल ना, आबा?"

"या गुडघ्यांनी घाट उतरता येतो रे. चढता येत नाही."

कोंडिबा घरी आला. त्याने आबाजीची पाठ डोळ्यांपुढे आणली आणि हिशेब केला. गोधडीला दीडशे चौकोन लागणार होते. त्याच्याने दिवसाला एक व्हायचा आणि मार्गशीर्ष लागायला महिनाच उरला होता.

मग त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. त्याने मदत मागितली.

जंगलात मोबाईल नव्हते, पण पोपट होते. एका पोपटाला सांगितलं की सगळ्यांना पोचायचं, वर प्रत्येक पोपट आपल्यातर्फे 'सुप्रभात' जोडायचा. कोंडिबा खाली मान घालून पोपटाला म्हणाला, "चौकोन अगदी सोपा आहे. चार तुकडे घ्यायचे, दोन गडद, दोन फिकट. गडदाशेजारी फिकट, फिकटाशेजारी गडद. प्रत्येक तुकडा एक वीत. धावदोरा घालायचा. झालं. सुई माझ्याकडून न्यावी. चिंध्या मी वाटतो."

आणि काय सांगू, बाळांनो! जंगल कामाला लागलं. सोपं होतं, म्हणून कोणाला विचार करायला सवडच मिळाली नाही. आठ दिवसांत कोंडिबाच्या घरापुढच्या उंबराखाली चौकोनांचा ढीग पडला.

कोंडिबाने ढीग उलगडला आणि तो जागीच बसला.

बायजा उंदरिणीने आणलेले चौकोन चिंचोक्याएवढे होते. रखमाजी अस्वलाचा खळ्याएवढा होता. माकडाचा लांबट, सशाचा बुटका. प्रत्येकाने एक वीत मापली होती, अगदी प्रामाणिकपणे. आपापली.

"अहो रखमाजी, ही वीत आहे की वावर?" बायजा म्हणाली.

"आणि तुझी ही काय गं? शिंक आली तर शोधत बसावं लागेल!"

"मी दहा चौकोन आणलेत!"

"कुठेत?"

"तुमच्या पायाखाली!"

एवढ्यात घोरपडबाई पुढे सरकल्या. घोरपडबाई तीन जंगलं पाहून आल्या होत्या. त्यांनी एकदा मुद्दा धरला की सुटत नसे. दोरी बांधून किल्ला चढता आला असता.

"मुद्दा असा आहे," त्या म्हणाल्या, "की प्रमाणित वीत कोणती? ती ठरेपर्यंत या चौकोनांना कोणी हात लावू नये. ठरल्यावर सगळे उसवून नव्याने शिवावेत."

लगेच वीत निश्चिती समिती झाली. समितीने ठरवलं, जंगलाची वीत म्हणजे सिंहमहाराजांची वीत. महाराज उदार होते. त्यांनी ताबडतोब पंजा पुढे केला आणि म्हणाले, "या, मोजा."

मोजायला कोणी गेलं नाही. कोणी जावं हे ठरवायला उपसमिती नेमली गेली. उपसमितीतल्या तिघांची त्याच दिवशी प्रकृती बिघडली.

इकडे मार्गशीर्ष लागला. सकाळी गवतावर पांढरं दव गोठू लागलं. आबाजी उंबराशी आला आणि सोंड हलवून म्हणाला, "निघतो रे कोंडिबा. दुपारच्या उन्हात घाट उतरलेला बरा."

कोंडिबा धावतच समितीच्या बैठकीत गेला. काटे कोणाला लागू नयेत म्हणून अंग चोरून उभा राहिला. "बाई," तो म्हणाला, "आहेत तसेच जोडू का?"

"वेडावाकडा माल जोडतात होय कुठे? पद्धत असते काहीतरी."

कोंडिबा खाली मान घालून निघाला. पण परतताना वाटेत त्याच्या मनात आलं, गोधडी म्हणजे दुसरं असतं तरी काय? सारख्या मापाचं सगळं मिळालं असतं, तर लोकांनी गोधड्या कशाला शिवल्या असत्या?

तो उंबराखाली गेला आणि त्याने खळ्याएवढा चौकोन ओढला.

"आबा, जरा थांबा. उभेच राहा."

"अरे, अंगावरच शिवतोस की काय?"

"टोचलं तर सांगा."

"टोचलं तर मलाही नवलच वाटेल!"

रखमाजीचा चौकोन पाठीवर पडला. माकडाचे लांबट चौकोन बरोबर पोटाच्या बाजूने आले. सशाचे मानेवर बसले. हत्ती काही सपाट नसतो, बाळांनो. जिथे खाच होती तिथे लहान चौकोन गेला आणि जिथे उंचवटा होता तिथे मोठा. कानामागच्या फटी तेवढ्या राहिल्या. तिथे कोणाचंच काही बसेना.

"सरका," बायजा म्हणाली. सोंडेवरून वर चढली आणि आपले दहाही चौकोन तिने तिथे टाचून टाकले. खाली उतरून रखमाजीला म्हणाली, "आता शिंका खुशाल."

दिवस मावळायच्या आत शेवटचा टाका पडला. घाईत चार-दोन टाके आबाजीच्या कातडीतूनही गेले होते. ते कोणालाच कळलं नाही, आबाजीलाही नाही. म्हणून तर गोधडी घसरली नाही.

आबाजीने दीर्घ श्वास घेतला. गुडघा वाकवून पाहिला. मग घाटाकडे पाठ केली आणि उंबराला टेकून उभा राहिला. "भूक लागली रे," तो म्हणाला. कोंडिबा त्याच्या पायाला टेकून बसला.

घोरपडबाई समितीसह आल्या. त्यांनी गोधडीभोवती एक चक्कर मारली. "छान," त्या म्हणाल्या. "समितीच्या मार्गदर्शनाचा परिणाम दिसतोय. आता पुढच्या वर्षी गोंधळ नको. सविस्तर नियमावली करू."

नियमावली झाली. सत्तावन्न कलमं होती. वीत म्हणजे काय, धावदोरा किती धावावा, गडद म्हणजे नेमकं किती गडद, सगळं होतं. वर्षभर वर्ग चालले. परीक्षा झाल्या. बायजा उंदरीण पहिली आली. रखमाजीने प्रमाणपत्र गुहेत टांगलं.

पुढच्या थंडीत म्हाताऱ्या गव्याला गोधडी हवी होती. साऱ्या जंगलाला सत्तावन्न कलमं तोंडपाठ होती. उंबराखाली एकही चौकोन आला नाही. प्रत्येकाला आपली कुठेतरी चूक होईल अशी भीती वाटत होती.

शेवटी पोपट कोंडिबाकडे आला.

"चार तुकडे," कोंडिबा खाली मान घालून म्हणाला. "दोन गडद, दोन फिकट. प्रत्येक तुकडा एक वीत."

"कोणाची वीत, तेही सांगू का?"

कोंडिबाने आबाजीकडे पाहिलं. आबाजी गोधडीतून म्हणाला, "खबरदार!"

आठ दिवसांत ढीग पडला.

तात्पर्य: कोणाकडून काम करून घ्यायचं असेल, तर त्याला सगळं नीट समजावून सांगू नये. ज्यांना अर्धवट समजतं ते कामाला बसतात, आणि ज्यांना पूर्ण समजतं ते परीक्षेला.