नव्वद अंशांचे व्याही

माधवरावांच्या डाव्या खुब्यात नवा सांधा बसवून सहा आठवडे झाले होते आणि या सहा आठवड्यांत ते एकदाही वाकले नव्हते. नुंगंबाक्कमच्या डॉक्टर व्यंकटांनी घरी सोडताना हातात एक कागद दिला होता. बारा आठवडे कमरेत नव्वद अंशांपलीकडे वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, अंग पिळायचं नाही, खालच्या आसनावर बसायचं नाही. नाहीतर सांधा निखळेल आणि पुन्हा टेबलावर यावं लागेल. दुसऱ्या कुणी तो कागद घडी घालून उशीखाली ठेवला असता. पण माधवरावांनी रेल्वेचे डबे तपासण्यात चौतीस वर्षं घालवली होती. त्यांच्या सहीशिवाय डबा रुळावर जात नसे.

त्यांनी पलंग आणि खुर्ची चार-चार सागवानी ठोकळ्यांवर चढवली. मुलाच्या, हेरंबच्या, जुन्या कंपासपेटीतला कोनमापक शोधून काढला. आपण बसलो की पत्नीने बाजूला उभं राहून कोन मोजायचा, असा नियमही केला.

"अठ्ठ्याऐंशी," कल्पनाताई त्यांच्या पायात मोजे चढवताना वर न बघताच सांगायच्या. पहिल्या आठवड्यानंतर त्यांनी कोनमापक हातातही धरला नव्हता.

अशात हेरंबने बातमी आणली. अड्यारच्या ऑफिसात त्याच्यासोबत काम करणाऱ्या शर्मिष्ठाच्या घरचे रविवारी लग्नाचं बोलायला येणार होते. मंडळी तंजावरकडची मराठी, पण तीन पिढ्या इथल्याच वेस्ट मांबलममध्ये.

"बाबा, एक प्रॉब्लेम आहे," हेरंब म्हणाला. "तिच्या घरी शेवटचा शब्द तिच्या आजीचा, सईबाईंचा. त्यांना ऑपरेशन झालेली माणसं चालत नाहीत. मागचं स्थळ त्यांनी मुलाच्या वडिलांच्या कमरेला पट्टा दिसला म्हणून परतवलं. हाडं रक्तातून येतात म्हणे."

"आणि मुलीला माहीत आहे का माझं?"

"तिनेच तर सांगितलंय, आत्ता काही बोलू नका म्हणून. नंतर ती सांगेल."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"बोलायचं नाहीच काही," कल्पनाताई म्हणाल्या. "नुसतं बसायचं."

"अगं, तेच तर मला येत नाही सध्या."

माधवरावांना हे पटलं नव्हतं. पण हेरंबने कळता झाल्यापासून बापाकडे तोंड उघडून काही मागितलं नव्हतं, आणि आता मागताना त्याचा चेहरा एवढासा झाला होता. माधवराव नाही म्हणू शकले नाहीत.

रविवारी वॉकर न्हाणीघरात लपवला. माधवरावांना पाहुणे यायच्या अर्धा तास आधीच खुर्चीत बसवून टाकलं. पाय एकावर एक जाऊ नयेत म्हणून दोन गुडघ्यांमध्ये उशी होती, ती दिसू नये म्हणून वरून शाल पांघरली. मे महिना होता. ठोकळ्यांवरच्या खुर्चीत, पाय फाकवून, शाल घेऊन, घाम गाळत माधवराव ताठ बसले.

सईबाई आल्या त्या काठी न टेकता. ब्याऐंशीचं वय, नऊवारी नेसलेली, नाकात दोन्हीकडे चमक्या. मागून त्यांचे चिरंजीव तुळजाजी आणि शर्मिष्ठा. कल्पनाताई वाकल्या, हेरंब वाकला. माधवराव उठलेसुद्धा नाहीत. त्यांनी वरूनच हात जोडले.

सोफा खुर्चीपेक्षा बराच बुटका होता. पाहुणे त्यात बसले तेव्हा त्यांच्या नजरा बरोबर माधवरावांच्या शालीवर आल्या.

"मूळ गांव कंचं तुमचं?" डाव्या बाजूने सईबाईंनी विचारलं.

अंग पिळायला बंदी. "वाई," माधवरावांनी समोरच्या कॅलेंडरला सांगितलं.

"खालीं येऊन बसा की," तुळजाजी नम्रपणे म्हणाले. "पंख्याचा वारा इथें बरा येतो."

"नको. मी इथेच बरा."

"उकडत नाहीं की तुम्हांस?"

"नाही," माधवराव म्हणाले. घाम हनुवटीवरून शालीवर पडला. हेरंब केविलवाणा हसला. शर्मिष्ठा येऊन पाया पडली तेव्हा निदान आशीर्वादाला खाली वाकावं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवावा, असं माधवरावांना फार वाटलं. पण हात पोचण्याआधीच कोन भरला असता. त्यांनी हवेतच हात धरून "सुखी राहा" म्हटलं.

मग तुळजाजींनी तबक पुढे केलं. विडे, केळी आणि मधोमध नारळ. मुलीकडचं पहिलं तबक मुलाच्या बापाने पुढे होऊन दोन्ही हातांनी घ्यायचं असतं. पुढे होणं म्हणजे नव्वद पार. माधवरावांनी जागेवरूनच हात पसरले.

"आणा," ते म्हणाले. "इथवर आणा."

कल्पनाताईंनी डोळे मिटले. तुळजाजी सोफ्यातून धडपडत उठले, तबक कलंडलं, आणि नारळ गडगडत थेट माधवरावांच्या डाव्या पावलाशी येऊन थांबला.

साऱ्यांचे डोळे त्या नारळावर. माधवरावांच्या हाडीमाशी भिनलेले संस्कार उसळले आणि ते खाली झुकले. साधारण एकोणनव्वदाव्या अंशाला त्यांना डॉक्टर व्यंकट आठवले. ते थांबले. नारळाकडे एकदा नीट पाहिलं आणि सावकाश पुन्हा ताठ बसले.

पाहणाऱ्याला वाटावं, माणसाने विचार केला आणि नको म्हणाला. अखेर तुळजाजींनीच त्यांच्या पायाशी वाकून नारळ उचलला. त्यानंतर कॉफी झाली, पण बोलणं झालं नाही. निघताना सईबाईंनी माधवरावांकडे इतका वेळ रोखून पाहिलं की शालीखालची उशी बाईंना दिसली की काय, असं त्यांना वाटलं.

चार दिवस फोन नाही. "आजी कुणाशी बोलतच नाहीये," शर्मिष्ठाने कळवलं. हेरंब जेवेना. माधवरावांना स्वतःची लाज वाटू लागली. एका खुब्यापायी पोराचा संसार मोडत होता.

"मी जाऊन सांगतो त्यांना," ते म्हणाले. "काय व्हायचं ते होऊ दे."

"जाणार कसे? रिक्षाची सीट खाली असते," कल्पनाताई म्हणाल्या.

पाचव्या दिवशी तुळजाजींचाच फोन आला. "आईंचा होकार जाहला," ते म्हणाले. "आजवर आलेले समदे दारांतच पायां पडत होते. आई म्हणतात, ज्यास कांहीं झांकायचं असतं तो आधीं वाकतो. तुम्ही नारळासही वाकलां नाहीं. असला कणा आमच्या घरांत यायला हवा म्हणतात."

माधवरावांनी फोन ठेवला. खुर्चीचे हात घट्ट धरून ते हसले, तेही नव्वद अंशांच्या आत.

बारा आठवडे पुरे झाले. डॉक्टर व्यंकटांनी पाय सगळीकडून फिरवून पाहिला आणि जपून वाकायची परवानगी दिली. त्या सकाळी माधवरावांनी स्वतःच्या बुटांची नाडी स्वतः बांधली, सोडली, पुन्हा बांधली. देवापुढे वाकताना त्यांचे डोळे भरून आले.

पुढच्याच आठवड्यात वेस्ट मांबलमच्या एका हॉलमध्ये साखरपुडा होता. तुळजाजींनी माधवरावांसाठी मुद्दाम उंच खुर्ची मागवली होती.

"आज कुणापुढे वाकू नका हं," कल्पनाताई हळूच म्हणाल्या. "त्यांना तुम्ही ताठच आवडलात."

"तीन महिने कागदाने वाकू दिलं नाही. आता तू?"

अंगठ्या झाल्या, टाळ्या झाल्या. हेरंबच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून माधवरावांना राहवलं नाही. ज्या बाईने आपल्या पोराला नात दिली तिला नमस्कारही करायचा नाही, हे काही त्यांना जमेना. ते सरळ सईबाईंसमोर गेले आणि कमरेतून पूर्ण वाकून त्यांच्या पावलांना हात लावले.

सईबाईंनी आशीर्वाद दिला. मग त्या तुळजाजींच्या कानाशी कुजबुजल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत गेली.

"दीड महिन्यामागें ठणठणीत होते की रे हे. आतां एवढे वाकले? मधें ऑपरेशन जाहलं की काय, विचार."

माधवराव वाकलेलेच होते. तिथून लवकर उठावं असं त्यांना मुळीच वाटेना.