अस्वलाने घडवलेला माणूस

एका जंगलात, मुलांनो, संगणक आला. कसा आला ते विचारू नका. आला.

तिथल्या सिंहाला माणसाची फार भीती. त्याने दगडोबा अस्वलाला बोलावले.

"माणूस दोन पायांवर चालतो कसा, ते शोध. जमले तर मधाच्या पोळ्यांखालची गुहा तुझी. नाही जमले तर आहे तीही सोड."

दगडोबाने संगणकात माणूस केला. हाडे केली, हाडांना स्नायू बांधले. कोणता स्नायू कधी आखडायचा, हे माणसाने पडत-धडपडत आपले आपण शिकायचे. पुढे सरकला की गुण मिळणार. पडला की कापले जाणार.

माणूस तोंडावर पडला, पाठीवर पडला. एकदा तर स्वतःच्याच पायांत गुंतून पडला. आणि एके दिवशी पडेनासा झाला. एक पाय खांद्यावर टाकून, हात गरगरा फिरवत, तो लंगडी घालत पडदाभर हिंडला.

"माणूस असा चालतो?" प्रधान कोल्हीणबाईंनी विचारले.

"गुण बघा. पैकीच्या पैकी."

"अहो, मी खरा माणूस पाहिलाय. काठी घेऊन माझ्या मागे धावत होता."

"मागे वळून पाहिलेत?"

"मी काय वेडी आहे?"

"मग बोलू नका."

तेवढ्यात पायवाटेने खराच माणूस आला. चांगला दोन पायांवर चालत होता. सगळे झुडपाआड दडले.

"यालाही गुण दे," सिंह कुजबुजला.

दगडोबा नाइलाजाने गुण मोजू लागला. गुहा गेलीच म्हणायची! पण माणूस विडी पेटवायला थांबला. मग मुळाला अडखळून पडला.

"कापा गुण!" दगडोबा आनंदाने ओरडला.

ओरडणे ऐकून माणूस उठला, पळाला, पुन्हा पडला.

"महाराज, हा नापास. खरा माणूस आपलाच."

सिंहाला हायसे वाटले. त्याने गुहा देऊन टाकली, आणि पहारेकऱ्यांना हुकूम सोडला: लंगडी घालत येईल तोच माणूस, बाकीच्यांसाठी आरोळी ठोकू नये.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस चार सोबती घेऊन आला. सगळे दोन्ही पायांवर चालत होते. कोणी आरोळी ठोकली नाही. त्यांनी निवांत धूर केला, पोळी उतरवली, मध घागरीत भरला आणि निघून गेले.

दगडोबा गुहेच्या दारात बसून बघत होता. त्याने पाचही जणांना नापास केले आणि समाधानाने झोपला.

तात्पर्य: खरे आपल्या हिशेबात बसत नसेल, तर खऱ्याचे गुण कापावेत. मध जातो, पण गुहा राहते.