डब्याची वास्तुशांत

"अर्धी चावी! फक्त अर्धी चावी फिरवायची, की सुरू!"

हे वाक्य श्रीनिवासरावांनी त्या आठवड्यात किमान दोनशे लोकांना ऐकवलं असेल. दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, बँकेच्या रांगेत पुढं उभ्या असलेल्या अनोळखी बाईला. एकाचा चुकून त्यांच्या मोबाइलवर फोन लागला, तर त्यालाही ऐकवलं! तो बिचारा 'अभिनंदन' म्हणून सुटला.

पण खरं सांगू? त्यांचं काम होतंच तसं! उस्मानपुऱ्यात त्यांच्या बिल्डिंगसमोर ती गाडी उभी असली की रिक्षावाले आपोआप ब्रेक मारायचे. १९७३ सालची परदेशी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर. वर सायीचा रंग, खाली मोरपंखी. आत उलगडलं की पलंग होणारं बाकडं, दोन बर्नरची शेगडी, हातपंपाचा नळ, सागवानी कपाटं आणि खिडक्यांना चक्क हिमरूच्या वेलबुट्टीदार कापडाचे पडदे. वाळूजच्या कारखान्यात टूलरूममध्ये पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाचा हात फिरला होता तो! दार लावलं की 'टक' असा नेमका आवाज यायचा. तो ऐकायला श्रीनिवासराव दिवसातून वीसेक वेळा दार लावायचे.

दीड वर्षापूर्वी हीच गाडी पाचोडला आप्पासाहेबांच्या शेतवस्तीवर कांद्यानं भरून उभी होती. आप्पासाहेब तरुण होते तेव्हा लेणी बघायला निघालेलं एक गोरं जोडपं तिथं बंद पडलं. 'गाडीचं सामान घेऊन येतो' म्हणून गेलं ते गेलंच. तेव्हापासून वस्तीवर तिचं नाव 'गोऱ्याचा डबा'. श्रीनिवासरावांनी ती पाहिली आणि त्यांची झोपच उडाली. आता ऐंशीला टेकलेल्या आप्पासाहेबांनी गाडी दिली, पण अट घालून.

"न्या की, श्रीनिवासराव. पर अक्षय तृतीयेला, दिवस मावळायच्या आत, सोताच्या पायानं माझ्या दारात आली पायजे. टोचन करून नाय, ढकलून नाय. आली तर तुमची. नाय तर डबा बी माझा अन् त्यातला कांदा बी माझा!"

मग दीड वर्ष श्रीनिवासराव आणि बजाजनगरचा मेकॅनिक कडुबा त्या गाडीच्या खालीच राहायला गेले म्हणा ना. सडलेला पत्रा कापला, नवा जोडला, गंजानं पडलेली भोकं बुजवली. इंजिन मागच्या बाजूला, आणि त्याला रेडिएटरच नाही, हे पचवायलाच कडुबाला महिना लागला. कांद्याचा वास तेवढा गेला नाही. उत्साहाच्या भरात श्रीनिवासरावांनी सायलेन्सरचं तोंडसुद्धा नवं बनवलं. लिंबू आरामात आत जाईल इतकं रुंद, आणि वर क्रोमचं पाणी! कडुबा त्यात बघून भांग पाडायचा.

"साहेब, ह्यातनं धूर सोडायचा म्हंजी पाप हाये!"

सगळं झालं. आता अक्षय तृतीयेला दुपारी निघायचं आणि पाचोड गाठायचं. पन्नास किलोमीटर! पण सरोजिनीबाईंनी पदर खोचला.

"याला घर म्हणता ना तुम्ही?"

"म्हणजे काय! घरच आहे."

"मग वास्तुशांत झाल्याशिवाय मी यात पाऊल ठेवणार नाही."

"अगं, गाडीची पूजा करतात! एक नारळ, चार लिंबं, संपलं."

"गाडी म्हणून पूजा केलीत, तर मी गाडी म्हणून बसेन. शेगडी पेटवणार नाही!"

शेगडीपुढं कुणाचं चालतं? अक्षय तृतीयेच्या सकाळी गुरुजी हजर झाले. त्यांनी मोबाइलवर दिशा पाहिल्या आणि मान हलवली.

"शेगडी वायव्येला येतेय. आग्नेयेला हवी."

"मग आता शेगडी उपटू?"

"शेगडी कशाला? घर फिरवा!"

श्रीनिवासरावांनी अर्धी चावी फिरवली, गाडी गुरगुरली आणि त्या अरुंद गल्लीत घर फिरू लागलं. शेगडी आग्नेयेला आली, तर दार दक्षिणेला गेलं. दार वळवलं, तर शेगडी नैर्ऋत्येत. दोन्हीकडून स्कूटर अडकल्या, एक टेम्पो अडकला. वरच्या गॅलरीतून वच्छलाबाई "अजून थोडं पूर्वेला घ्या हो!" असं सांगत होत्या. शेवटी एकदाचं जमलं, होम झाला, आणि गुरुजींनी तांब्याची इवलीशी डबी काढली.

"आता ही वास्तू आग्नेय कोपऱ्यात पुरायची. इथं एक भोक पाडा."

"भोक?" श्रीनिवासराव एवढ्या जोरात ओरडले की टेम्पोवाल्यानं हॉर्न थांबवला. "गुरुजी, एकशे बारा भोकं बुजवलीत मी या गाडीची! मोजून एकशे बारा! नवीन एकही पाडू देणार नाही. आहे त्याच एखाद्या भोकात बसवा काय बसवायचं ते!"

तेवढ्यात आप्पासाहेबांचा फोन आला आणि श्रीनिवासराव बाजूला गेले. "निघतोच आहे आप्पासाहेब! अहो, अर्धी चावी..." हे पाऊण तास चाललं. परत आले तेव्हा गाडीला जागोजाग हळदकुंकू, मागंपुढं मोगऱ्याची फुलं. त्यांचं मन भरून आलं.

आमरसाचं जेवण झालं. एक वाजता गल्ली निरोपाला जमली. श्रीनिवासरावांनी सगळ्यांकडं बघून हात केला आणि अर्धी चावी फिरवली.

खुर्रर्र... फुस्स.

पाऊण चावी. खुर्रर्र... फुस्स. पूर्ण चावी. फुस्स!

"सुरू झाली का हो?" वरून वच्छलाबाई.

कडुबाला फोन गेला. तो हातातली मोटारसायकल तशीच उघडी टाकून आला. त्यानं प्लग काढले, कार्बोरेटर खोलला, पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला.

"करंट हाये, पेट्रोल हाये, दाब हाये. साहेब, सुरू न व्हायला कारणच नाय!"

"मग होत का नाही?"

"त्येच तर म्हनतो ना, कारणच नाय!"

तीन वाजले. साडेतीन वाजले. "सुरू झाली का हो?" हे सोळाव्यांदा झालं. श्रीनिवासराव गाडीच्या पायरीवर बसले. सेवानिवृत्तीच्या दिवशीही ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, त्यांनी चष्मा काढून पुसला.

"सरोज, परत कांदे भरतील गं हिच्यात!"

सरोजिनीबाईंना गलबलून आलं. त्या शेजारी टेकल्या. नवऱ्यानं दीड वर्ष कशी हाडं झिजवली ते त्यांनी रोज पाहिलं होतं, आणि तोंडानं कधी म्हणाल्या नव्हत्या, पण त्यांना त्याचा भारी अभिमान होता.

इतक्यात विसरलेलं आसन न्यायला गुरुजी परत आले.

"सुरू होत नाही? उत्तम!"

"उत्तम?"

"अहो, 'वास्तू स्थिर होवो' असंच तर म्हटलंय मी तासभर. स्थिर झाली!"

"आणि घट्टसुद्धा बसवलीय," सरोजिनीबाई म्हणाल्या. "तुमच्याच हत्यारांच्या डब्यातलं एम-सील लावलंय वरून. पाच मिनिटांत दगड झाला त्याचा."

श्रीनिवासराव हळूहळू उभे राहिले. "कुठं बसवलीय?"

सरोजिनीबाई त्यांना मागच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या, खाली वाकल्या आणि मोगऱ्याची फुलं बाजूला केली.

"सरोज! हा सायलेन्सर आहे!"

"मला काय माहीत? सायलेन्सर कधी असा असतो का? इतकं चकचकीत! मला वाटलं, देवासाठीच खास करून आणलंय. आणि 'आहे त्याच भोकात बसवा' कोण म्हणालं?"

कडुबा गाडीला टेकून इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मग त्यानं छन्नी-हातोडी उचलली.

"खबरदार!" सरोजिनीबाई आडव्या झाल्या. "बसवलेली वास्तू उकरायची नाही!"

"वहिनी, ती उकरल्याबिगर धूर कुठनं जानार?"

"ते तुम्ही बघा. उकरलीत, तर मी शेगडी पेटवणार नाही!"

गुरुजींनीही गंभीरपणे मान डोलावली. चार वाजले होते. श्रीनिवासरावांनी एकदा सूर्याकडं पाहिलं, एकदा बायकोकडं पाहिलं. मग त्यांनी स्वतःचं ड्रिल मशीन काढलं, गाडीखाली शिरले आणि आपल्या लाडक्या क्रोमच्या नळकांड्याला, एम-सीलच्या अलीकडं, स्वतःच्या हातानं भोकं पाडायला घेतली.

"एकशे तेरा..." खालून आवाज आला. "एकशे चौदा... एकशे पंधरा..."

एकशे वीसला ते बाहेर आले. चेहरा काळाठिक्कर. अर्धी चावी फिरवली.

फाड फाड फाड फाड! गल्लीतली कबुतरं उडाली, उभ्या गाड्यांचे भोंगे वाजायला लागले, आणि वच्छलाबाई गॅलरीत टाळ्या पिटत ओरडल्या, "झाली हो! झाली!"

गाडी निघाली. आत सरोजिनीबाई, कडुबा आणि 'एवढी सुंदर वास्तू चालताना कशी दिसते ते बघावं' म्हणून गुरुजीसुद्धा! झाल्टा फाट्याला ट्रकवाल्यांनी वाट दिली. आडूळला पोरंसोरं मागं धावली. आवाज एवढा, की गाडी यायच्या दोन मिनिटं आधी लोक रस्त्यावर यायचे, आणि गाडी दिसली की आवाज विसरून नुसते बघत राहायचे. पाचोडला बाजाराचा दिवस. भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले. "गोऱ्याचा डबा! गोऱ्याचा डबा!" असा एकच गलका झाला, आणि श्रीनिवासरावांची छाती स्टिअरिंगला लागली.

वस्तीवर पोचले तेव्हा सूर्य हातभर वर होता. आप्पासाहेब बाजेवरून उठले. काठी टेकत गाडीला पूर्ण फेरी मारली. दार लावून पाहिलं. टक! परत उघडलं, परत लावलं. टक! नळाचा पंप दाबला, पाणी आलं तसा हात मागं घेतला. हिमरूचा पडदा दोन बोटांत धरून चोळून पाहिला.

"पन्नास वर्सं कांदा भरला मी हिच्यात," ते म्हणाले. "मला काय ठाव, आत आसं घर हुतं! जितलात, श्रीनिवासराव. तुमची झाली. आता येकदा जोरात आवाज तर काढा!"

एवढं कौतुक ऐकल्यावर कुणाचा पाय ताब्यात राहील? श्रीनिवासरावांनी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला.

धडाम्!

एम-सीलचं बूच उडालं आणि पाठोपाठ तांब्याची डबी! कोंबड्या चारी दिशांना पळाल्या. डबी बाजेवरून गेली, गोठ्यावरून गेली आणि गाडी इतकी वर्षं जिथं उभी होती, त्या मोकळ्या मातीत जाऊन रुतली. गुरुजी धावत गेले. मोबाइल काढला, डोळे मोठे केले आणि हात जोडले.

"आग्नेय! वस्तीचा बरोबर आग्नेय कोपरा! वास्तूनं स्वतः जागा निवडली!"

"म्हणजे?" श्रीनिवासराव म्हणाले, पण त्यांना कळलं होतं.

"म्हणजे काय म्हणजे?" सरोजिनीबाई म्हणाल्या. "जिथं वास्तू, तिथं घर. आणि हे घर आहे, असं तुम्हीच म्हणता."

आप्पासाहेबांचा चेहरा असा फुलला की कुणाला 'नाही' म्हणवेना. "डबा तुमचाच. पर ऱ्हाईल हितं. कांद्याला म्या दुसरी जागा बघतो!"

तेव्हापासून दर शनिवारी श्रीनिवासराव आणि सरोजिनीबाई पिशवी घेऊन एसटीनं पाचोडला जातात आणि दोन दिवस आपल्या मोटरहोममध्ये राहतात. गाडी अर्ध्या चावीत सुरू होते, पण सरोजिनीबाई ती वास्तूपासून एक वीत हलवू देत नाहीत. शेगडी मात्र मस्त पेटते. इतर पाच दिवस आप्पासाहेब तिचं दार लावतात आणि 'टक' ऐकतात.

परवा एसटीत शेजारच्या माणसाला श्रीनिवासरावांनी नेहमीसारखं सुरू केलं, "आमची स्वतःची मोटरहोम आहे बरं का! जिथं जाऊ तिथं घर!"

"अरे वा! मग आज एसटीनं कुठं?"

श्रीनिवासराव खिडकीबाहेर बघू लागले.

"घरी," ते म्हणाले.