गोटाडोंगरीची एक्केचाळीस माणसं

सोनबाभाऊ रोज सकाळी आमच्या क्वार्टरवरून जाताना लोकांच्या तब्येतीची खबर देत.

"दौलतले पानी लागलं. चैतू बरा हाये. मनकूच्या पाठीवर आजून डाग हाये, पन उतरन."

मी तेव्हा नागपूरचं कॉन्व्हेंट संपवून नुकतीच वडिलांकडे आले होते. मला वाटलं, वरच्या लाईनीत दवाखाना असावा. आठवडाभर मी मान हलवून "बरं" म्हणत राहिले. मग एकदा त्यांच्यामागून स्टोरमध्ये गेले आणि पाहिलं, तर दौलत भिंतीला टेकून उभा होता. साडेचार फूट उंच, टोकाला किंचित वाकडा, अस्सल लोखंडाचा.

ती सब्बल होती. खडक फोडायची पहार. अशा एक्केचाळीस सब्बली तिथे होत्या आणि प्रत्येकीला माणसाचं नाव होतं.

गोटाडोंगरी म्हणजे चांद्यापासून दिवसभराच्या वाटेवर, सागाच्या जंगलात उभा असलेला लोखंडी दगडाचा डोंगर. माथ्यावर खाण, तिच्याखाली क्वार्टरांच्या दोन लाईनी, एक विहीर, एक बंद शाळा. सगळीकडे तांबडी धूळ. आमच्या पांढऱ्या चादरीसुद्धा महिन्याभरात विटकरी झाल्या. कधीकाळी इथे दर बुधवारी बाजार भरायचा म्हणे. मी आले तेव्हा चार चुली पेटत होत्या. खाणीत पाणी भरलं होतं, मालकांना रेल्वेजवळ दुसरा डोंगर सापडला होता, आणि कागदपत्रं पुरी होईपर्यंत राखण करायला वडील उरले होते. आणि स्टोर सांभाळायला सोनबाभाऊ.

इथली एक रीत होती. आषाढात धानाच्या रोवण्यासाठी माणसं आपापल्या गावी जात. जाताना आपली सब्बल सोनबाभाऊंच्या हातात देत. धान कापून परतले की भाऊ ज्याची त्याला देत. दुसऱ्याची सब्बल घेतली की हाताला फोड येतात, असं सगळे मानायचे. सोनबाभाऊंकडून कधी अदलाबदल झाली नाही. कोणाची घासून आखूड झालेली, कोणाची पकडीपाशी गुळगुळीत, हे ते डोळे मिटून सांगत.

मी यायच्या तीन वर्षं आधी माणसं अशीच रोवण्याला गेली आणि मागे खाण बंद झाली. परत आले त्यांना डोंगराखालच्या नाक्यावरूनच माघारी फिरवलं. वर कोणी आलंच नाही.

"पाऊस लांबला असन," सोनबाभाऊ म्हणत. पहिल्या वर्षी ते ठीक होतं.

दर रविवारी ते मोहाच्या बियांच्या तेलाचं फडकं घेऊन सब्बली पुसत बसत. मीही जाऊ लागले. तिथे मला बोलावं लागत नसे, हे मुख्य. एकदा झाडताना मी दोन सब्बली शेजारी ठेवल्या, तर भाऊ ओरडलेच.

"अवो बेबीबाई, बिसन अन् मनकू जवळ ठेवले? दोघाईचं जमत नाई. मनकू लय भांडखोर. त्याले कोपऱ्यात ठेवा."

मी मनकूला कोपऱ्यात ठेवलं. घोरणारा रामा दाराशी होता, म्हणजे इतरांना त्रास नको. दोघे भाऊ लखू आणि भिकू एकमेकांना टेकून. लॉरीचा ड्रायव्हर महिन्याने सामान घेऊन आला की चिडवायचा, "काय भाऊ, आज कोन आजारी हाये?"

"तुह्या लारीपरीस सारे ठनठनीत हायेत."

मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात हुकूम आला. स्टोरमधलं लोखंड भंगारात काढायचं. चांद्याहून लॉरी येईल, यादी तयार ठेवा. यादी इंग्रजीत हवी होती, म्हणून ती माझ्याकडे आली.

सोनबाभाऊंनी हुकुमाबद्दल काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "नावं लिहा बेबीबाई. चांद्याले कोनी मांगाले गेला, तर त्याले त्याचीच भेटली पायजे."

दुपारभर बसून मी एक्केचाळीस नावं उतरवली. वडिलांनी तो कागद पाहिला.

"हे काय? भंगाराला नावं असतात होय? नुसते नग लिही."

मला सांगता आलं असतं. एक यादी नगांची, सोबत एक नावांची, त्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण वडिलांसमोर माझी जीभ उचलत नसे. मी नवा कागद घेतला आणि एका ओळीत लिहिलं : जुन्या सब्बली, एक्केचाळीस नग.

सकाळी लॉरी आली. वडील बाहेर ड्रायव्हरशी बोलत होते. सोनबाभाऊ सही करायला टेबलापाशी आले. मराठीत सही करण्यापुरती अक्षरं त्यांना येत होती, इंग्रजी अजिबात नाही.

"वाचून दाखवा," ते म्हणाले.

मी कागद उचलला. मग त्या एका ओळीकडे पाहत म्हणायला लागले, "रामा. दौलत. चैतू. लखू, भिकू..." स्टोरची भिंत डोळ्यांपुढे आणून, दारापासून कोपऱ्यापर्यंत, मी सगळे घेतले. यातलं एकही माणूस मी कधी पाहिलं नव्हतं. एका ठिकाणी अडले, तर भाऊ हळूच म्हणाले, "सुकरू." मनकूला मी शेवटी ठेवलं. प्रत्येक नावाला ते मान हलवत होते.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद माझ्या हातून घेतला आणि बराच वेळ पाहिला. वर एक ओळ, खाली सगळा कागद कोरा.

"इंग्रजीत मानसं लय कमी जागेत मावतात, नाई?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट माझीच समजूत घालावी तसे ते म्हणाले, "वाचलं मात्र चांगलं तुमी. एकबी सुटला नाई."

मग खुर्चीच्या कडेला टेकून, एकेक अक्षर काढत, त्यांनी सही केली.

एक्केचाळीस नावांपुरता दुसरा कोरा कागद टेबलावर होता, दौतीत शाई होती, लॉरी भरायला अजून तासभर लागणार होता. मी सही टिपायला टीपकागद पुढे केला.